एक सही

आमच्या घरीं नगरसेवक हा विनोदाचा विषय होता. रात्रीं जेवणें आटोपलीं, कीं दादा वर्तमानपत्र उघडीत आणि महापालिकेच्या सभेचा वृत्तान्त मोठ्यानें वाचीत. कोण कोणावर ओरडलें, कोण सभात्याग करून गेलें, दिव्याच्या एका खांबावर दोन तास चर्चा कशी रंगली, हें ऐकून आम्ही पोट धरधरून हंसत असूं. ती सभा निवडण्याकरितां मतदानास जाणें मात्र आमच्यापैकीं निम्म्यांना जमत नसे. त्या दिवशीं सुट्टी असल्यामुळें बाहेरगांवीं जाण्याचा बेत आधींच ठरलेला असे.

अशा सभांचा पूर्वेतिहास मला ठाऊक नव्हता असें नाहीं. १८७६ पासून १८८२ पर्यंत जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते व व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पैसा खर्च करण्यास त्यांनीं विरोध केला, पुढें गोपाळ कृष्ण गोखले त्याच नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, हें मीं मुलांना मोठ्या अभिमानानें सांगितलेलें आहे. पण गोखल्यांची ती खुर्ची आणि आमच्या गल्लींतील गटार यांचा कांहीं संबंध असेल, असें माझ्या मनांत कधीं आलें नाहीं.

गल्लीच्या टोकाला पालिकेचा एक लहानसा दवाखाना होता. दोन खोल्या, पुढें पत्र्याची पडवी, पडवींत एक लांकडी बांक. सकाळीं तेथें बायाबापड्यांची रांग लागे. आमच्या घरांतलें कोणी तेथें कधीं गेलें नाहीं; मुलांना लस टोंचण्यासाठीं सुद्धां आम्ही खासगी डॉक्टरांकडे जात असूं. पुढें घरांत दोनांच्या चार मोटारी झाल्या आणि दवाखान्याची ती जागा आमच्या नजरेंत भरूं लागली. दवाखाना अन्यत्र हालवून तेथें वाहनतळ करावा, असा अर्ज गल्लींतील सुशिक्षित मंडळींनीं केला. मसुदा दादांचा, शुद्धलेखन माझें. 'प्रभागाचा विकास' हे शब्द त्यांत तीन वेळां आले होते. खालीं सर्वांच्या सह्या, दुसरी माझी.

आमच्या प्रभागाच्या सभासद एक बाई होत्या. महाराष्ट्रांत २०११ सालापासून पालिकांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत. त्यांतील एका जागेवर त्या निवडून आलेल्या. मंडईंत त्यांचा भाजीचा गाळा होता, आणि घरांत आम्ही त्यांना 'भाजीवाल्या बाई' एवढेंच म्हणत असूं. अर्ज सभेपुढें आला त्या दिवशीं मी प्रेक्षकांच्या सज्जांत जाऊन बसलों. बाई उठल्या. भाषण त्यांना येत नव्हतें. त्यांनीं एक वही उघडली आणि मागील महिन्यांत कोणत्या वस्तींतून किती माणसें दवाखान्यांत आलीं, तें वाचण्यास सुरुवात केली. पान उलटलें, दुसरें उलटलें. "आटपा बाई!" असें कोणी ओरडलें, तरी त्या वाचीतच राहिल्या. शेवटीं महापौरांनीं विषय दप्तरीं दाखल केला. घरीं येऊन मीं त्या वाचनाची नक्कल करून दाखविली. सारे हंसले. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "आपल्या स्वयंपाकाच्या बाई तिथेंच जातात हो," आणि ताटें उचलून आंत गेल्या.

पालिकेची मुदत पांच वर्षें, व ती संपण्यापूर्वींच निवडणूक व्हावी, असें १९९३ सालीं अंमलांत आलेली राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती सांगते. तथापि २०२२ सालीं मुंबई, पुणें, नाशिक, नागपूर अशा मोठ्या महापालिकांच्या मुदती संपल्या. इतर मागासवर्गीयांचें आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयांत अडकले. आणि २०२६ च्या जानेवारींत मतदान होईपर्यंत कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. आमचें शहरहि त्यांतलेंच. "बरें झालें, गोंगाट गेला," दादा म्हणाले. गोंगाट गेला खरा. स्थायी समिति आणि सर्वसाधारण सभा यांचे अधिकार एकाच ठिकाणीं आले. प्रस्ताव मांडणाराहि तोच, मंजूर करणाराहि तोच. वर्तमानपत्रांत मोठ्यानें वाचण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

त्याच काळांत आमचा तो दप्तरीं पडलेला अर्ज कोणी तरी बाहेर काढला. एके सकाळीं दवाखान्याच्या दारावर कागद चिकटविलेला दिसला. नवी जागा दोन बसगाड्या बदलून जाण्याइतकी दूर. महिन्याभरांत पडवी पाडली गेली, पांढरे पट्टे आंखले गेले, आणि आम्हीं समाधानानें मोटारी लावल्या.

स्वयंपाकाच्या बाई रक्तदाबाच्या गोळ्या त्या दवाखान्यांतून फुकट आणीत, हें आम्हांला त्या ओट्यापुढें भोवळ येऊन पडल्या तेव्हां समजलें. दादांनींच धांवत जाऊन मोटार काढली. रुग्णालयांतील डॉक्टरांनीं विचारलें, "गोळ्या कां सोडल्या?" बाई कशाबशा म्हणाल्या, "दवाखाना गेला ना." दादांनीं माझ्याकडे पाहिलें नाहीं, मींहि त्यांच्याकडे पाहिलें नाहीं. बाई वांचल्या; पण उजव्या हातांत पोळी लाटण्याइतकी शक्ति पुन्हां आली नाहीं. त्यांचा पगार आम्ही चालू ठेवला आहे. तो घेतांना त्या संकोचतात, त्याहून अधिक मी देतांना.

मी मंडईंत भाजीवाल्या बाईंच्या गाळ्यावर गेलों. त्यांनीं मला ओळखलें. "आतां मी कुणी नाहीं, काका," त्या म्हणाल्या. "सभा असती तर उठून बोलले असते. कुणापुढं बोलूं?" मग मेथीची जुडी बांधतां बांधतां, कसलाहि राग न धरतां, त्यांनीं विचारलें, "अर्ज तुमच्याच गल्लीचा होता ना?" मीं मेथी घेतली आणि घरीं आलों.

निवडणूक झाल्यावर मीं नवा अर्ज लिहिला. या वेळीं मसुदाहि माझाच. दादांनीं तो दोनदां वाचला, 'प्रभागाचा विकास' हे शब्द जेथें सवयीनें आले होते तेथें खोडले, आणि सही केली. गल्लींतील सहा घरांनीं सही नाकारली. त्यांच्या मोटारी मोठ्या आहेत. अर्ज अद्याप सभेपुढें आलेला नाहीं. येईल त्या दिवशीं मी सज्जांत जाऊन बसणार आहें. तोंपर्यंत आमच्या मोटारी त्याच पट्ट्यांत उभ्या असतात, कारण दुसरीकडे जागा नाहीं.