झोपायला सहा, बसायला सहा

आमच्या घरी रोझरी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. आजोबा असल्यापासूनची ती वेळ. पाहुणे असोत, लाईट गेलेली असो, वेळ बदलत नाही. यंदाच्या जानेवारीत एका दिवशी मात्र साडेसहाला मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि आजी हातात जपमाळ घेऊन माझ्या शेजारी. म्हणाली, "आधी तुझं ते बुकिंग कर. मरियामाय थांबेल, अमेरिकेतली जागा थांबायची नाही."

तिचं बरोबर होतं. मिशिगन राज्यातल्या स्टेट पार्कमध्ये मुक्कामाची जागा बरोबर सहा महिने आधी बुकिंगला खुली होते, तिथल्या सकाळी आठ वाजता. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात. त्या वेळी काका-काकू दोघंही हॉस्पिटलात ड्युटीवर आणि चुलतभाऊ शाळेत. मग हे काम बेळगावात माझ्याकडे आलं. साहित्याची विद्यार्थिनी असण्याचा आमच्या घरात एकच उपयोग आहे: सगळे फॉर्म मी भरायचे.

जुलैत आजी, पप्पा आणि मम्मी काकांकडे ग्रँड रॅपिड्सला जाणार आहेत. तिथून पाच रात्रींसाठी लडिंग्टन स्टेट पार्क. मी जाणार नाही. तिकिटं तीनच परवडतात, आणि तो हिशोब मीच केलेला आहे.

आता खरी गोष्ट सांगते. आजोबा गेल्यानंतर घराच्या वाटणीवरून पप्पा आणि काकांमध्ये वाजलं. काकांना आपला वाटा विकायचा होता, पप्पांना घर मोडायचं नव्हतं. चूक कोणाची हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. घर राहिलं, पण मधे भिंत आली आणि काकांच्या बाजूला भाडेकरू आले. तेव्हापासून नऊ वर्षं दोघे भाऊ फक्त नाताळ आणि ईस्टरला बोलतात, तेही आजीच्या फोनवरून. "तब्येत बरी?" "बरी." "दे आईकडे."

काकांनी बोलावलं ते आजीला. पप्पा-मम्मी सोबतीला. लडिंग्टनला हॉटेलात तीन खोल्या घेऊ, असं काकांनी कळवलं. आजी एवढंच म्हणाली, "तीन खोल्याच करायच्या तर मी इथंच बरी आहे की. इथं पण भिंत आहेच." त्यावर चुलतभावाने व्हिडिओ कॉलवर उपाय काढला: आरव्ही! म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हर, मागे पलंग, ओटा, फ्रिज, संडास, सगळं एकाच गाडीत.

मग मी अभ्यासाला लागले. आरव्हीचे प्रकार असतात. 'ए' क्लास म्हणजे जवळजवळ बस, 'सी' क्लास म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली खोली, ड्रायव्हरच्या डोक्यावरही एक पलंग. आम्ही 'सी' ठरवली, 30 फुटांची. भाड्याच्या जाहिरातीत 'झोपायला सहा' असं लिहिलेलं असतं, पण चालत्या गाडीत प्रत्येकाला बेल्टची जागा लागते. ती वेगळी मोजावी लागते. मी वहीत लिहिलं: झोपायला सहा, बसायला सहा. आणि हे सहा जण कुठे झोपणार याचा नकाशा काढायला बसले तेव्हा घाम फुटला. आजीला मागचा पलंग, काकूंना तिच्याजवळ. चुलतभाऊ वर. मम्मीला सोफ्याचा पलंग. उरलं जेवायचं टेबल. ते खाली पाडलं की पलंग होतो, दोन माणसांचा, अरुंद. राहिले दोघेच. पप्पा आणि काका.

नकाशा पप्पांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "तिथं केबिन मिळते का बघ, आम्हाला वेगळी," म्हणाले. छोट्या केबिनही त्या पार्कमध्ये आहेत. मी 'बघते' म्हटलं आणि बघितलं नाही. पाप असेल तर कुमसाराला सांगेन.

बुकिंगच्या दिवशी पहिली जागा माझं बोट पडायच्या आत गेली. दुसरीही गेली. तिसरी मिळाली, गाडीच्या लांबीला पुरेल अशी, झाडांखाली. आजीने क्रूसाची खूण केली आणि आम्ही रोझरीला बसलो, पंचवीस मिनिटं उशिरा.

नंतर मी आजीला पार्क समजावून सांगितला. एका बाजूला हॅमलिन लेक, दुसऱ्या बाजूला लेक मिशिगन, मधे छोटी नदी. आपल्या किल्ला तलावाचा पलीकडचा काठ दिसतो, लेक मिशिगनचा दिसत नाही. समुद्रच, फक्त पाणी गोडं. उत्तरेला 1867 मधलं दीपगृह आहे, 112 फूट उंच, पण तिथं जायला जवळजवळ तीन किलोमीटर चालावं लागतं. आजी म्हणाली, "मी लांबून बघेन." रात्री दहानंतर आवाज करायचा नाही हा नियम सांगितला तर म्हणाली, "आम्ही रोझरीला काय लाऊडस्पीकर लावतो?"

तिला आवडली ती दुसरीच गोष्ट. पार्कच्या बाहेर, बंदराच्या पलीकडे एक मोठा क्रूस आहे, फादर मार्केट यांच्या स्मरणार्थ. हे फ्रेंच जेझुइट 1675 मध्ये मिशनकडे परतताना वाटेत वारले, ते इथंच असं मानतात. वय फक्त 37. दोन वर्षांनी तिथल्या ओटावा लोकांनी त्यांच्या अस्थी होडीतून उत्तरेला सेंट इग्नेसच्या मिशनमध्ये परत नेल्या. आजी म्हणाली, "बघ, परक्या माणसाला पण कोणीतरी घरी नेलं."

पप्पा पेपर वाचत होते. पान काही उलटलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी पप्पांनी माझी वही मागितली. ते उद्यमबागेत फाउंड्रीत मेंटेनन्सला आहेत. वायर दिसली की त्यांचा हात थांबत नाही. 'विजेचं कनेक्शन 30 अँपिअर' एवढं मी लिहिलं होतं. "व्होल्टेज?" मी म्हटलं, तिथं 120. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "म्हणजे 3600 वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि आईच्या चहाची किटली एकदम लावली तर झालंच. ट्रिपभर ट्रिप होत बसेल." मग माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाले, "लाव दादाला."

मी लावला. पप्पा उभ्यानेच बोलले. आधी अँपिअर. मग सांडपाण्याच्या टाक्या: संडासाची आधी रिकामी करायची, भांड्यांच्या पाण्याची नंतर, म्हणजे पाइप धुऊन निघतो. मग गाडी सपाट उभी करायला चाकांखाली ठोकळे. जळाऊ लाकूड घरून न्यायचं का? नाही, काका म्हणाले, लाकडातून किडा पसरतो. एका हिरव्या किड्याने इथली ॲशची लाखो झाडं मारली, लाकूड तिथंच घ्यायचं. पप्पा खुर्चीत बसले. मम्मीने पाणी आणून ठेवलं. बेचाळीस मिनिटं बोलले. मी फोनवर बघितलं.

घराचा विषय निघाला नाही. भाडेकरूंचा नाही, भिंतीचा नाही. ते पाच रात्रींत निघेल का, मला माहीत नाही. एखाद्या रात्री भांडणही होईल. 30 फुटांत रागावून जायला जागा नसते. मला याचीच भीती वाटते आणि याचीच आशा.

फोन झाल्यावर पप्पांनी वहीत कामांची यादी केली. स्वयंपाक: मम्मी, काकू. पाणी भरणे: मुलगा. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: टाक्या रिकाम्या करणे: मी आणि दादा. केबिनचं त्यांनी परत विचारलं नाही.

वही आता आजीच्या बॅगेत आहे, पासपोर्टजवळ. जुलैत इथं मी आणि मधली भिंत, दोघीच असू. रोझरी मी साडेसहालाच सुरू करेन. तिथं तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतील. बहुतेक कोणीतरी पाइप धरलेला असेल आणि कोणीतरी व्हॉल्व्ह ओढत असेल.