नव्या घोड्याचे पहिले तीन आठवडे

नवा घोडा आला की त्याच संध्याकाळी जुन्यांच्या रांगेत बांधायचा, या मताचा मी कित्येक वर्षं होतो. कळपातलं जनावर ते. अनोळखी गावात त्याला एकटं ठेवणं मला निर्दयपणाचं वाटे. शिवाय आम्ही कोथरूड गावठाणातले वरातीचे घोडेवाले; माणसांनाच जागा पुरत नाही, तिथे घोड्यासाठी वेगळा तबेला कुठून आणायचा?

बाजाराचा हंगामही अडचणीचा. तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते दत्तजयंतीला. तोवर तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झालेली असते. पैसे गुंतवून आणलेला घोडा वेगळा बांधून तीन आठवडे नुसता खात उभा राहणार, हे कुणालाच परवडत नाही.

माझं मत बदललं ते स्ट्रँगल्स हा रोग समजून घेतल्यावर. लागण झाल्यावर पंधरवड्यापर्यंत घोडा अगदी धडधाकट दिसू शकतो. मग आधी ताप येतो. नाकातून पू आणि जबड्याखालच्या गाठी नंतर. ताप चढल्यावर एक-दोन दिवसांनी तो दुसऱ्यांना रोग देऊ लागतो. म्हणजे घोडा वेगळा असेल आणि रोज दोन वेळा थर्मामीटर लावला, तर बाकीचे वाचवायला वेळ मिळतो. बाजारातल्या तुकतुकीत अंगावरून यातलं काहीच कळत नाही.

ग्लँडर्स तर त्याहून भयंकर. 2006-07 मध्ये तो याच पुण्यात आणि पाचगणीत घोड्यांमध्ये सापडला होता. त्यावर लस नाही, बाधित जनावर मारावंच लागतं, आणि तो माणसालाही होतो. आमच्या घोड्यावर नवरदेव बसतो, लहान मुलं त्याच्या नाकावरून हात फिरवतात. हे मनात आल्यावर जागेचं आणि पैशाचं कारण मला सांगवेना.

पण नुसती वेगळी जागा पुरत नाही. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात परदेशातून आलेल्या घोड्यांबरोबर इन्फ्लूएंझा शिरला, तोही सरकारी विलगीकरण केंद्र असताना. चौकशीत निघालं की नीट न धुतलेल्या माणसांच्या किंवा सामानाच्या मार्फत तो बाहेर पडला असावा. म्हणून मी आता भिंतीइतकंच बादलीकडे बघतो. नव्याची बादली, तोबरा, खरारा, लगाम सगळं वेगळं. मोतद्दारानं आधी जुन्यांचं उरकायचं, नव्याकडे शेवटी जायचं, आणि हात-पाय धुतल्याशिवाय परत फिरायचं नाही.

एकटेपणाबद्दलचं माझं म्हणणं मात्र मी सोडलेलं नाही. एकटा घोडा झुरतो, चारा टाकतो. पण सोबत म्हणजे खेटून बांधणं नव्हे. आता नवा घोडा आधी मुळशीकडच्या नातेवाइकांच्या गोठ्याशेजारी राहतो. गाईम्हशींना ग्लँडर्स होत नाही, स्ट्रँगल्सही नाही. त्याला जित्राबांची जाग मिळते आणि आमची पागा सुरक्षित राहते. ज्यांना अशी सोय नाही त्यांनी दोघा-तिघांत मिळून शहराबाहेर एक शेड भाड्यानं घ्यावी. मोठा खर्च नाही तो.

यंदा सारंगखेड्याला किंवा माळेगावच्या यात्रेला निघणाऱ्यांना एवढीच विनंती: सौदा करण्याआधी त्याची वेगळी जागा तयार ठेवा. आणल्याबरोबर सरकारी दवाखान्यामार्फत ग्लँडर्ससाठी रक्त तपासायला द्या, आणि अहवाल हातात येऊन तीन आठवडे सरेपर्यंत त्या घोड्यावर वरातीची सुपारी घेऊ नका.