बर्लिनहून किहीमला

प्रवासाला निघालेला मनुष्य बरोबर काय न्यायचे याची चिंता फार करतो. येताना काय घेऊन यायचे, याचा विचार मात्र क्वचितच करतो. परदेशाहून येणाऱ्यांच्या पेट्यांत कापड असते, घड्याळे असतात, नवलाईच्या वस्तू असतात. पण १९३० साली मुंबईला परतलेल्या एका तरुणाने बरोबर आणलेली गोष्ट कोणत्याही पेटीत मावणारी नव्हती आणि बंदरावरच्या जकात अधिकाऱ्याला ती सापडणारीही नव्हती. त्या तरुणाचे नाव सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १८९६ सालचा. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपलेले, मामांनी वाढविले. पक्ष्यांचा नाद बालपणीच लागला. पण विद्यापीठाची रीतसर पदवी काही पदरात पडली नाही. जेथे पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती, तेथे पदवी नाही म्हणून दार बंद झाले. अखेर १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना नोकरी मिळाली. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. पाहुण्यांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगणे, हे त्यांचे काम. काचेच्या कपाटांपुढे उभे राहून तीच ती माहिती सांगताना त्यांना आपल्या ज्ञानाचे अपुरेपण जाणवू लागले. जे आपल्याला येत नाही ते येणाऱ्याच्या पायाशी बसून शिकावे, हा सरळ मार्ग त्यांनी धरला. अभ्यासासाठी रजा घेतली, समुद्र ओलांडला आणि ते जर्मनीत बर्लिनला पोहोचले.

तेथील विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान हे पक्षिशास्त्राचे थोर पंडित होते. शिष्याहून गुरू वयाने अवघे सात वर्षांनी मोठे! पण विद्येचे मोठेपण वर्षांत मोजावयाचे नसते. तेथे सलीम अलींच्या पुढ्यात आले ते ब्रह्मदेशातून जमा केलेले, कापूस भरून जतन केलेले पक्ष्यांचे नमुने. ज्या ब्रह्मदेशात त्यांनी तारुण्यातील काही वर्षे घालविली होती, तेथील पक्षी नीट ओळखण्यासाठी त्यांना बर्लिनला यावे लागले, हे एक नवलच. पंखांची लांबी मोजावी, चोचीचे माप घ्यावे, रंगांतील सूक्ष्म फरक टिपावा आणि पुरावा पुरता हाती आल्याखेरीज निर्णय देऊ नये, ही शिस्त तेथे त्यांच्या अंगी बाणली.

परंतु केवळ निर्जीव नमुन्यांवर ते शिक्षण थांबले नाही. बर्लिनमध्ये ऑस्कर हाइनरोट नावाचे दुसरे एक विद्वान होते. त्यांनी व त्यांच्या पत्नी माग्दालेना यांनी मध्य युरोपातील बहुतेक साऱ्या जातींचे पक्षी आपल्या राहत्या घरात लहानाचे मोठे केले होते. पिल्लू कसे वाढते, पहिल्यांदा कधी उडते, शिकविल्यावाचून त्याला काय काय येते, हे सारे त्यांनी वर्षानुवर्षे टिपून ठेवले. पक्षी मारून कपाटात ठेवला म्हणजे त्याचे रूप कळते. त्याचे जीवन कळण्यासाठी मात्र त्याला जगताना पाहावे लागते, याचे असे उदाहरण सलीम अलींच्या समोर उभे होते.

पुढे ते उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावरील पक्षिनिरीक्षण केंद्रातही शिकले. तांबड्या कड्यांचे हे बेट अगदी चिमुकले. पण स्थलांतर करणाऱ्या असंख्य पक्ष्यांचा तो विसावा. तेथे थकलेले पक्षी झुडपांच्या आश्रयाला येत. त्यांना जाळ्यात अलगद धरून पायात क्रमांकाचा हलका वाळा घालीत आणि पुन्हा आकाशात सोडून देत. तोच पक्षी दूरदेशी कोणाच्या हाती लागला, की त्याच्या प्रवासाची वाट कळे. अशा वाळ्यांची पद्धत १८९९ साली डेन्मार्कमधील एका शाळामास्तराने सुरू केली होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परदेशातील दिवस काही केवळ अभ्यासात जात नाहीत. नामांकित पक्षिशास्त्रज्ञांशी तेथे त्यांचा स्नेह जडला. मायदेशाबाहेर राहून स्वातंत्र्यासाठी झटणारे क्रांतिकारक चेंबकरामन पिल्लै यांच्यासारखे भारतीयही त्यांना तेथे भेटले. माणसे जोडणे हाही शिक्षणाचाच एक भाग होय.

शिक्षण घेऊन सलीम अली परतले, आणि पाहतात तो काय! पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झाली होती. जिच्यासाठी इतके शिकून यावे, तीच नोकरी उरली नाही. संसार तर चालवावयाचा होता. एखादा खचून गेला असता. शिकलेले सारे व्यर्थ गेले, असे म्हणून त्याने कपाळाला हात लावला असता.

सलीम अली पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तेथे पावसाळ्यात सुगरणींची वसाहत भरली. झाडाला लोंबणारी सुगरणीची घरटी कोकणात कोणी पाहिली नाहीत? सलीम अलींनीही ती पूर्वी पाहिली असतीलच. पण आता पाहणारी दृष्टी निराळी होती. तासन् तास बसून ते टिपणे घेऊ लागले. तेव्हा उलगडले ते असे : मराठीत ‘सुगरण’ हे नाव स्त्रीलिंगी असले, तरी घरटे विणतो तो नर! अर्धे घरटे विणून झाले, की माद्या पाहणीला येतात. एखादीला ते पसंत पडले, तर ती तेथे संसार मांडते. नर ते विणकाम पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पिढ्यान् पिढ्या डोळ्यांपुढे घडणारी ही गोष्ट त्यांनी पुराव्यानिशी मांडली, आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखाने अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतले.

त्यानंतर त्यांनी देशातील अनेक संस्थानांत पक्ष्यांची पाहणी केली. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. १९५९ पासून स्थलांतरी पक्ष्यांना वाळे घालण्याचे मोठे कार्य भारतात सुरू झाले, तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली. हेल्गोलँडचा धडा असा तीस वर्षांनी फळाला आला. १९८७ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा पक्ष्यांचा जाणकार म्हणून त्यांचे नाव घरोघर पोहोचले होते.

नोकरी दुसऱ्याने दिलेली असते. ती दुसरा काढून घेऊ शकतो. शिकून कमावलेली दृष्टी मात्र कोणाच्या हुकुमाने रद्द होत नाही. बर्लिनहून आणलेली ती दृष्टी किहीमच्या एका झाडाखाली उपयोगी पडली. ते झाड तेथे आधीपासूनच होते, आणि सुगरणीही होत्या.