घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



गेल्या वर्षी सातवीतला एक मुलगा वर्गात रोज पेंगायचा. मी त्याला दोनदा उभे केले, एकदा सर्वांसमोर रागावलोही. महिन्याभराने गॅदरिंगमध्ये, पाहुण्यांचे भाषण चालू असताना, मंचावर मीच झोपी गेलो. नुसता झोपलो नाही, घोरलो! सगळी मुले हसली. तो मुलगा मात्र हसला नाही.

घरी सौ. म्हणाली, "अहो, रात्री तुमचं घोरणं मध्येच थांबतं, श्वासच बंद होतो. मी हलवून उठवते तुम्हाला." घोरणारा माणूस गाढ झोपतो, हाच माझा समज. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. रात्रभर अंगाला तारा लावून तपासणी झाली. तासाला ३४ वेळा श्वास अडत होता. मोठ्यांमध्ये ३० च्या वर म्हणजे गंभीर. आजाराचे नाव स्लीप ॲप्निया.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू आपल्याला अर्धवट जागे करतो. सकाळी आपल्याला त्यातले काहीच आठवत नाही.

मी बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. तेव्हा 'हार्मोन' पाठ केले होते. मराठीतले 'संप्रेरक' नंतर कळले. त्यांचा अर्थ मात्र आता कळतो आहे. श्वास अडला की ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके उसळतात, रक्तदाब चढतो. इन्सुलिनचे काम मंदावते, साखर वाढू शकते. रात्री तीनदा लघवीला उठायचो, ते वयामुळे असे मी समजत होतो. पण बंद घशातून श्वास ओढताना हृदयावर ताण येतो, आणि 'पाणी बाहेर टाका' असे मूत्रपिंडाला सांगणारे संप्रेरक हृदयच सोडते! आता मास्कचे यंत्र लावून झोपतो. एकदाही उठावे लागत नाही.

मग त्या मुलाची आठवण झाली. त्याच्या आईला बोलावले. त्या म्हणाल्या, "सर, तो तोंड उघडं ठेवून झोपतो, खूप घोरतो." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवले, तर टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड्स वाढलेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन झाले. आता तो पेंगत नाही. मी त्याची वर्गात, सर्वांसमोर, माफी मागितली. रागावलो होतो सर्वांसमोरच.

वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. ती झोपच तुटत राहिली तर मुलाची वाढ खुंटू शकते. काही मुले पेंगत नाहीत, उलट चिडचिडी, चंचल होतात, आणि आपण त्यांना खोडकर म्हणतो.

पालकांना विनंती, एखाद्या रात्री मुलाच्या उशाशी दहा मिनिटे बसा, त्याचा श्वास ऐका. रोज घोरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, पेंगणाऱ्या मुलाला उभे करण्याआधी एकदा विचारा, "बाळा, रात्री झोप लागते ना?" मी ते विचारायला उशीर केला.