ई-पुस्तक एकाच दुकानात ठेवावं का?



या ब्लॉगवर आपण मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, ॲसिडिटी, गुडघेदुखी अशा विषयांवर बरंच बोललो आहोत. 'डॉक्टर, हे लेख एकत्र करून पुस्तक काढा, म्हणजे शोधत बसावं लागणार नाही,' असं तुमच्यापैकी अनेकांनी सुचवलं होतं. ते पुस्तक आता तयार आहे. छापील प्रत यथावकाश निघेल. आधी ई-पुस्तक काढायचं आहे, आणि तेही प्रकाशकाशिवाय, स्वतःच.

आजचा विषय आजाराचा नाही. तरी तो तुमच्याशी बोलणं मला गरजेचं वाटतं, कारण रक्तातली साखर अचानक उतरली तर घरी काय करायचं हा लेख उद्याही तुम्हाला इथे मोफत वाचता येईल की नाही, हे या निर्णयावर अवलंबून आहे. शिवाय तुमच्यातले काही जण स्वतःही लिहितात. निवृत्त शिक्षक आहेत, पाककृती लिहिणाऱ्या ताई आहेत. त्यांनाही या हिशेबाचा उपयोग होईल.

हा करार आहे तरी काय?

ॲमेझॉनच्या 'किंडल डायरेक्ट पब्लिशिंग' म्हणजे केडीपी या सेवेवर कुणालाही आपलं ई-पुस्तक विक्रीला ठेवता येतं. मराठीही चालतं. मजकूर मात्र युनिकोडमध्ये हवा, जुन्या डीटीपी फॉन्टमधला असेल तर आधी बदलून घ्यावा लागतो. पुस्तक ठेवायला पैसे पडत नाहीत. इथपर्यंत सगळं सोपं आहे.

पुस्तक चढवताना एक चौकट समोर येते: 'केडीपी सिलेक्ट'मध्ये नाव नोंदवायचं का? ही योजना २०११ पासून आहे. नोंदणी ९० दिवसांची असते. त्या काळात पुस्तकाची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही द्यायची नाही, अशी अट असते. गुगल प्ले बुक्स नाही, बुकगंगा नाही, व्हॉट्सॲपवर पीडीएफ नाही, स्वतःच्या ब्लॉगवरही नाही. नमुना म्हणून साधारण १० टक्के मजकूर दाखवता येतो. छापील पुस्तकाला मात्र ही अट लागू नाही, ते कुठेही विका.

आणखी एक बारकावा. ९० दिवस संपले की नोंदणी आपोआप पुढच्या ९० दिवसांसाठी सुरू होते. नको असेल तर आठवणीने खूण काढावी लागते. आम्हा डॉक्टरांना हे फार ओळखीचं आहे. गोळी दोन महिन्यांसाठी लिहून दिलेली असते आणि पेशंट दोन वर्षं जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तीच आणत राहतो. मधेच पुस्तक विक्रीतून काढून घेतलं तरी चालू मुदत संपेपर्यंत अट सुटत नाही.

बदल्यात काय मिळतं?

पहिली गोष्ट मानधन. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर सिलेक्टमध्ये असणं बंधनकारक आहे, आणि किंमतही त्यांनी ठरवलेल्या मर्यादेत हवी. नोंदणी नसेल तर ३५ टक्के. म्हणजे थेट निम्मं.

दुसरी गोष्ट किंडल अनलिमिटेड. ही वाचनालयासारखी वर्गणी आहे, भारतात २०१५ पासून सुरू आहे. वर्गणीदार हवी ती पुस्तकं उघडतो, आणि लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात.

तिसरी गोष्ट जाहिरातीची. प्रत्येक ९० दिवसांत जास्तीत जास्त पाच दिवस पुस्तक मोफत ठेवता येतं. ठरावीक काळापुरती किंमत उतरवण्याचीही एक सोय आहे, पण ती अमेरिका आणि ब्रिटनच्या दुकानांपुरती. आपल्या इथल्या वाचकाला तिचा उपयोग नाही.

यातला वर्गणीचा फायदा मला खरोखर मोलाचा वाटतो. मूळव्याध, लघवीच्या तक्रारी, नैराश्य, लैंगिक अडचणी या विषयांवरचं पुस्तक विकत घेऊन घरात ठेवायला माणसं संकोचतात. मोबाईलवर वर्गणीतून वाचायला संकोच नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या आजोबांसाठी मोठाच दिलासा आहे. आई-वडील सांगलीला आणि मुलगी कॅनडात, अशा घरांत तिकडे बसून तेच पान वाचता येतं.

मग अडचण कुठे आहे?

माझ्या पुस्तकातला बराचसा मजकूर या ब्लॉगवर आधीच आहे. योजनेत जायचं तर ते लेख इथून काढावे लागतील. बाकी सगळे मुद्दे पैशांचे आहेत. हा एक मुद्दा तुमचा आहे.

असे लेख माणूस सवडीने वाचत नाही. घरात कुणाला दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत, ग्लुकोमीटर ७०च्या खालचा आकडा दाखवतोय, अशा वेळी मुलगा मोबाईलवर शोधतो. शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न देता दवाखाना गाठा, एवढंच त्याला त्या क्षणी हवं असतं. साप चावल्यावर घट्ट आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तो अवयव न हलवता सरकारी रुग्णालयात न्या, हेही तसंच. अशा वेळी 'हा लेख आता पुस्तकात उपलब्ध आहे' अशी पाटी समोर येणं मला मान्य नाही.

दुसरी बाजू चुकीच्या माहितीची आहे. इथले लेख तुम्ही पुढे पाठवता, ते गावोगावच्या ग्रुपवर फिरतात. मूळ लेख इथे असला की माहिती बदलली तर मी त्याच दिवशी दुरुस्ती करतो, वर तारीख टाकतो, आणि कुणी जुना फॉरवर्ड दाखवला तर मूळ लेखाकडे बोट दाखवता येतं. मूळच काढून टाकला तर जुने फॉरवर्ड तसेच फिरत राहतील, फक्त त्यांना धनी उरणार नाही. ई-पुस्तकातही नवी आवृत्ती चढवता येते, पण विकत घेतलेली प्रत आपोआप बदलेलच असं नाही. ते वाचकाने सेटिंग काय ठेवलं आहे यावर आहे.

पानांवर मोजलेलं वाचन

वर्गणीतून पानांप्रमाणे पैसे मिळतात, तेही एका वाचकाने एक पान पहिल्यांदा वाचलं तेव्हाच. कादंबरीला हे ठीक आहे. आरोग्याच्या पुस्तकाचं वागणं वेगळं असतं. चांगल्या पुस्तकात पेशंटला उत्तर पहिल्या पानावर मिळायला हवं. पथ्याचं एक पान तो वर्षभरात वीस वेळा उघडेल, पण मोबदल्यात ते एकदाच धरलं जाईल. उलट मी तीच गोष्ट पाल्हाळ लावून दहा पानांत सांगितली तर मला जास्त मिळेल. तो मोह आपल्याला होणारच नाही असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. त्यात प्रत्येक पानामागचा दर दर महिन्याला बदलतो, म्हणजे आधी हिशेब मांडणंही अवघड.

मोफतच्या पाच दिवसांबद्दल

पाच दिवस मोफत ठेवलं की पुस्तक खूप जण उतरवून घेतात हे खरं. पण उतरवलेलं आणि वाचलेलं यात अंतर असतं. फुकट मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं किती घरांच्या खणात मुदत संपून पडलेली असतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. नव्या कथालेखकाला नाव माहीत होण्यासाठी ही सोय उपयोगी आहे. एकामागून एक पुस्तकं येणार असतील तर पहिलं फुकट देऊन वाचक पुढच्या पुस्तकाकडे आणता येतो. माझं पुस्तक एकच आहे, आणि त्याचा वाचक आधीच इथे आहे.

डॉक्टर म्हणून जाहिरातीबाबत आणखी एक बंधन माझ्यावर आहे. आपल्याकडच्या वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरने पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करू नये. सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने लिहायला मुभा आहे. ती रेषा मला सांभाळायची आहे. म्हणून दवाखान्यात समोर बसलेल्या पेशंटला 'पुस्तक घ्या, पाच तारे द्या' असं मी कधीही म्हणणार नाही. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं.

हिशेब मांडून पाहू

समजा किंमत १०० रुपये ठेवली आणि भारतात १०० प्रती खपल्या. कर आणि फाइलच्या आकारानुसार कापला जाणारा डिलिव्हरी खर्च बाजूला ठेवू. सिलेक्टमध्ये ढोबळमानाने ७,००० रुपये, बाहेर ३,५००. फरक ३,५०० रुपयांचा. आमच्या भाषेत बोलायचं तर औषधाचा गुण आणि दुष्परिणाम एकाच कागदावर मांडायचे. गुण आहे ३,५०० रुपये आणि वर्गणीतले काही नवे वाचक. दुष्परिणाम म्हणजे सगळ्यांना मोफत मिळणारे लेख बंद.

ज्याचं पोट लेखनावर आहे त्याच्यासाठी हाच कागद वेगळा दिसेल, आणि दिसायलाच हवा. निम्मं उत्पन्न सोडा, असं मी कुणालाही सांगणार नाही. माझं घर दवाखान्यावर चालतं, म्हणून मला हा पर्याय परवडतो. तेव्हा हा त्याग वगैरे समजू नका.

मी काय ठरवलं

ब्लॉगवरच्या लेखांचं पुस्तक मी सिलेक्टमध्ये नोंदवणार नाही. ते केडीपीवर साध्या पद्धतीने असेल, इतर दुकानांतही असेल. किंमत सगळीकडे एकच ठेवणार आहे, कारण दुसरीकडे स्वस्त दिसलं तर ॲमेझॉन आपल्याकडची किंमतही उतरवू शकतं. ब्लॉगवरचे लेख आहेत तिथेच, मोफत राहतील. पुस्तकात तुम्हाला जास्तीचं मिळेल ते म्हणजे क्रम, शेवटी विषयसूची, आणि इंटरनेट नसलं तरी वाचता येणं.

दुसरं एक छोटं पुस्तक डोक्यात आहे. मन मोकळं करून बोलायला अवघड जाणाऱ्या तक्रारींवरचं, सगळा मजकूर नवा, ब्लॉगवर कधीच न आलेला. त्या पुस्तकासाठी हीच योजना मी एकदा, ९० दिवसांपुरती वापरून पाहणार आहे. तिथे कुणाचं काही काढून घ्यावं लागत नाही, आणि खाजगीत वाचण्याची सोय त्या वाचकाला खरंच हवी आहे. पुन्हा नोंदणीची खूण पहिल्याच दिवशी काढून ठेवेन.

तुमचंही पुस्तक असेल तर

खूण करण्याआधी हे प्रश्न कागदावर लिहून उत्तरं द्या.

१. यातला मजकूर आधी कुठे मोफत दिला आहे का? दिला असेल तर तो काढायची तयारी आहे का?
२. तुमचा वाचक कुठे वाचतो? किंडलवर, की व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर?
३. पुस्तक सलग वाचायचं आहे, की गरजेला उघडायचं?
४. पुढचं पुस्तक येणार आहे का? नसेल तर मोफत दिवसांतून काय साधणार?
५. ९० दिवस कधी संपतात, ती तारीख कॅलेंडरवर लिहिली का?

आणि करार स्वतः वाचा. अटी बदलत असतात. औषधाच्या पट्टीवरची तारीख पाहता, तशी खूण करायच्या दिवशी नियमांवर एकदा नजर टाका.

शेवटी नेहमीची सूचना, पुस्तकालाही लागू असलेली: लेख वाचून आजार समजतो, पण तुमच्या औषधाचा डोस ठरवायला तुम्हाला तपासणारा डॉक्टरच लागतो. वाचून मनात आलेले प्रश्न लिहून घ्या आणि तो कागद पुढच्या भेटीला त्यांच्यासमोर ठेवा.

काळजी घ्या.