येव्यात खणलेले चर

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाचा हवामान बदलाचा आराखडा मी लिहिला होता. तो चुकला. कुठे चुकला ते सांगायला हवं, कारण डोंगरपायथ्याच्या गावांचे आराखडे आजही त्याच साच्यातून निघताना दिसतात.

माझा साचा नगर जिल्ह्यातला होता. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार बघून आमची पिढी पाणलोटाचं काम शिकली. माथ्यावरून सुरुवात करायची, समतल चर खणायचे, पाणी जागीच मुरवायचं. चार-पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात ते सोळा आणे खरं. भंडाऱ्यात मात्र बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो आणि खाली कठीण खडक. इथल्या माणसांनी पाणी मुरवण्यापेक्षा साठवण्यावर भर दिला. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने तलाव बांधले, एकाच्या सांडव्याचं पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तलावात, जाईल असे. पूर्व विदर्भात असे मालगुजारी तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. हा आकडा माझ्या आराखड्याच्या प्रस्तावनेत होता. पुढच्या एकाही पानावर त्याचा परिणाम दिसत नव्हता.

चर खणले ते नेमके गावच्या तलावाच्या येव्यात, म्हणजे ज्या उतारावरून तलावात पाणी येतं तिथेच. त्या वर्षी पाऊस तुटक पडला. चर भरले, तलाव अर्धाच राहिला. परतीचा पाऊस फिरकला नाही आणि निसवलेल्या जड धानाला द्यायला पाणी नव्हतं. बांध्यांना भेगा पडल्या होत्या. लोंबी हातात घेऊन चोळली तर नुसता पोचा निघायचा. पाळीवर बसलेले एक म्हातारे ढिवर, म्हणजे मासेमार समाजातले, म्हणाले, "वरचा पाणी तुमी वरतच अडवला, भाऊ. आता तलावात का येल?"

मी हा प्रश्न आधी कधीच ऐकला नव्हता, कारण ढिवरांना मी विचारलंच नव्हतं. बैठका घेतल्या त्या रोवणीच्या दिवसांत, भर दुपारी. बाया धानाचे पऱ्हे उपटायला गेलेल्या, ढिवर जाळी घेऊन पाण्यात. आले ते जमीनवाले. त्यांच्या सह्यांवर मी 'लोकसहभाग' लिहून मोकळा झालो. हे मला सगळ्यात जास्त लागतं. चराची जागा चुकणं हे अज्ञान होतं. इथे मात्र कोण आलेलं नाही ते मला समोर दिसत होतं.

दुसरं काम गाळ काढण्याचं. जेसीबीने तलाव खोल केला, साठा वाढला, कागदावर शोभलं. पण काठाचा उथळ उतार खरवडला गेला आणि त्याबरोबर पाणवनस्पतीही. मासे अंडी घालतात ते तिथेच. 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' ढिवरांसोबत याच भागात तलावांवर काम करतं: बेशरमाची झुडपं काढायची, तळ हलका नांगरायचा, देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. हे काम मी खूप उशिरा पाहिलं. माझ्या आराखड्यात मासे 'उपजीविका' या मथळ्याखाली एका ओळीत होते, तेही रोहू-कतल्याचं बीज सोडण्यापुरते.

पुराबद्दल तर मी जिल्ह्याची हद्द ओलांडलीच नव्हती. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, शिवनीच्या डोंगरात. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस तिकडे पाऊस कोसळला, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं गेलं, खालच्या गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. मी तपासली होती ती फक्त आपल्या तालुक्यांची पर्जन्यमापकं. डोंगर एका राज्यात आणि पूर दुसऱ्यात, अशा ठिकाणी जिल्ह्यापुरता आराखडा करणं म्हणजे अर्धी नदी सोडून देणं.

पुढे आम्ही येव्यातल्या काही चरांना तोंडं पाडून दिली. कुठून फोडायचे ते त्याच म्हाताऱ्यांनी काठीने रेघा ओढून दाखवलं. पाणी आता तलावाकडे वळतं. खरवडलेला काठ मात्र अजून उघडाच आहे. तिथे माती परत टाकून वनस्पती लावायला निधी हवा, आणि तलाव खोल करायला मिळतो तसा पैसा उथळ करायला कोणत्या शीर्षाखाली मागायचा, हे मला अजून सापडलेलं नाही. तोवर मासे कमी मिळोत की जास्त, ढिवरांच्या सोसायटीला तलावाचा ठेका दरवर्षी भरावाच लागतो.