उंच टेबल आणि दुकानातले स्टूल

टेबलाशी उभे राहून काम करण्याची टूम मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांतून निघून आता आमच्या धाराशिवपर्यंत पोहोचली आहे. बँकेत, तहसीलमध्ये, विमा कार्यालयात काम करणारे रुग्ण विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, उंच टेबल घेऊ का?’ प्रश्न काही हजार रुपयांचा असल्याने उत्तर जपून द्यावे लागते.

या विचाराचे मूळ एका बसगाडीत आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसच्या चालक-वाहकांचा अभ्यास १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा वाहकांना हृदयविकार कमी होता. (चालकांच्या विजारींची कंबर मुळातच मोठी असे, हेही मॉरिस यांनीच पुढे गणवेशांच्या मापांवरून दाखवले!) लोकांनी यातून ‘बसणे घातक’ एवढेच उचलले. परंतु तो वाहक नुसता उभा नव्हता. दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे देत होता.

नुसत्या उभे राहण्याचा हिशेब फारसा उत्साहवर्धक नाही. बसण्याऐवजी उभे राहिल्यास मिनिटाला सुमारे ०.१५ कॅलरी अधिक खर्च होते. पासष्ट किलो वजनाची व्यक्ती सहा तास उभी राहिली, तरी जादा खर्च ५४ कॅलरींचा. म्हणजे आपल्या ज्वारीची अर्धी भाकरीही नव्हे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी ८३ हजारांहून अधिक ब्रिटिश प्रौढांची माहिती तपासून २०२४ मध्ये सांगितले, की अधिक वेळ उभे राहिल्याने हृदयविकार वा पक्षाघाताचा धोका घटत नाही. उलट दीर्घकाळ उभे राहणाऱ्यांत शिरा फुगण्यासारखे विकार वाढतात.

मग हे टेबल निरुपयोगी म्हणावे काय? तसेही नाही. ब्रिटनमधील लेस्टर येथे रुग्णालयांच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना उंची बदलता येणारी टेबले आणि त्यांच्या वापराचे मार्गदर्शन दिले गेले. वर्षाअखेर त्यांचे कामावरचे बसणे दिवसाला सुमारे ८३ मिनिटांनी घटले. पाठ-मानेचे त्रास कमी झाल्याचे आणि कामात अधिक लक्ष लागत असल्याचे त्यांनीच नोंदवले. माझ्या मते लाभ उभे राहण्यात कमी आणि स्थिती बदलण्यात अधिक आहे. २०१२ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात वजनदार व्यक्तींनी दर वीस मिनिटांनी अवघी दोन मिनिटे चालल्यावर जेवणोत्तर साखर कमी चढली होती. त्याला टेबल लागत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका कारकुनाची उपाशीपोटी साखर ११८ होती. त्याने घरचा चौरंग कार्यालयातील टेबलावर ठेवून त्यावर संगणक मांडला. सहकाऱ्यांनी ‘सत्यनारायण कधी?’ म्हणून चेष्टा केली, पण त्याने नेटाने चालवले. कोपर काटकोनात राहील एवढी उंची, पडदा डोळ्यांच्या रेषेत, पायांत मऊ चप्पल आणि अर्ध्या तासाने पुन्हा खुर्ची, असे मी त्याला सांगितले होते. डबा खाल्ल्यावर आवाराला दोन फेऱ्या मारण्याचेही. तीन महिन्यांनी साखर १०९ आली. श्रेय मी फेऱ्यांना देतो; तो चौरंगाला देतो.

त्याच आठवड्यात साड्यांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आली. वय सव्वीस. दहा-दहा तास उभी; गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, असा मालकाचा दंडक. पोटऱ्यांवर निळ्या शिरा उमटलेल्या, संध्याकाळी घोटे सुजलेले. पोटरीचे स्नायू चालताना आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. एका जागी खिळलेल्या पायात ते साचते. तिला मी पायमोजे, रात्री पायांखाली उशी आणि टाचा उचलण्याचा व्यायाम सांगितला. पण तिचे खरे औषध स्टूल होते.

उभे राहून काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय हवी, हे कारखाना अधिनियमाने १९४८ सालीच सांगितले आहे. दुकानांतील कर्मचाऱ्यांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये तसा कायदा केला. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचे दुकान असेल. गल्ल्यामागे आपली खुर्ची असतेच. काउंटरपलीकडे एक स्टूल ठेवायला फारसा खर्च येत नाही. मी त्या मुलीला औषधांच्या चिठ्ठीवरच ‘दर तासाला दहा मिनिटे बसू द्यावे’ असे लिहून सही-शिक्का करून दिला. ती चिठ्ठी मालकाला दाखवायला ती अजून धजावलेली नाही.